फावल्या वेळातली पिशवी

दिवाळी अंकात या सदराने दर वर्षी काहीतरी 'करून पाहा' सांगावे, असा वाचक भगिनींचा प्रेमळ आग्रह असतो. फराळाचे पदार्थ अंकाच्या इतर पानांवर पुष्कळ आहेत, तेव्हा त्या वाटेला मी जात नाही. यंदा सांगणार आहे ती एक पिशवी. क्रोशाच्या सुईने विणलेली, सात रंगांची, दोन किलो भाजी बिनतक्रार घरी आणणारी धट्टीकट्टी पिशवी. आणि तीही ज्यांनी जन्मात क्रोशाची सुई हाती धरलेली नाही, अशांसाठी. मीही त्यांच्यातलीच. यंदाच्या आषाढात शिकायला बसले आणि श्रावण सरता सरता पिशवी खांद्याला लावून डोंबिवलीच्या बाजारात गेले. म्हणजे जे सांगते आहे ते अगदी ताजे आहे. हातावरचा घट्टा अजून मऊ व्हायचा आहे!

पहिल्यानेच शिकणारीने पिशवी का करावी, रुमाल किंवा तोरण का नाही, असे कोणी विचारील. आपल्या लहानपणच्या घरांत क्रोशा म्हणजे काय होते? रेडिओवरचा जाळीदार रुमाल, उशीच्या अभ्र्याची लेस, पुढे दूरदर्शन संचावरचे आच्छादन आणि दारावरचे तोरण. हे सारे बारीक दोऱ्याचे, बारीक पोलादी सुईचे आणि तीक्ष्ण नजरेचे काम. नवशिक्या बाईने ते हाती घेतले, की चार दिवसांत डोळे दुखतात आणि पाचव्या दिवशी सुई डब्यात जाते. पिशवीचे तसे नाही. तिला जाड दोरा चालतो, जाड सुई चालते, नक्षी लागत नाही. एखादा टाका सैल पडला तरी ती रागावत नाही. शिवाय ती उपयोगाची. महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिकबंदी जाहीर झाली तेव्हापासून घराबाहेर पडताना पिशवी आठवणीने घ्यावी लागते. मग ती निदान पाहायला तरी आनंदाची का असू नये?

माझ्या गुरू म्हणजे आमच्याच मजल्यावरच्या माई. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. पहिल्या दिवशी मी विचारले, "माई, या वयात जमेल का हो मला?"

माई म्हणाल्या, "भाकरी थापतेस ना? मग जमेल. हात सैल ठेव, एवढंच."

या एका वाक्यात निम्मा क्रोशा आला, असे मी आज म्हणेन. नवखा हात दोरा गळफासासारखा आवळतो, मग पुढच्या फेरीत सुई आत शिरत नाही आणि मनगट दुखते. हात सैल, दोरा डाव्या हाताच्या तर्जनीवरून सरकता आणि सुई पेन्सिलीसारखी किंवा सुरीसारखी, जशी सोयीची वाटेल तशी धरावी. दोन्ही पद्धतींनी उत्तम विणणाऱ्या बायका आहेत.

सामान फार नाही. ४ मिलिमीटर जाडीची सुई, तिला शोभेल असा जाड सुती दोरा सात रंगांचा, सगळा मिळून सुमारे ३०० ग्रॅम, एक कात्री, एक जाड शिवणाची सुई, एक सेफ्टी पिन आणि अस्तरासाठी जुन्या सुती साडीचा तुकडा. आजीच्या डब्यात सापडणारी पोलादी सुई लेसची असते. ती आदराने परत ठेवावी. दोरा सुतीच का? लोकर मऊ खरी, पण ओझ्याने ताणत जाते, आणि बटाटे घेऊन निघालेली पिशवी घरी पोहोचेपर्यंत गुडघ्याशी लोंबू लागते.

आता टाके. मराठीत क्रोशाला किती छान शब्द आहेत, ते शिकताना कळले. पहिला टाका साखळी. सरकगाठीतून सुई घालायची, दोरा आकड्यात धरून वेढ्यातून बाहेर काढायचा, की एक साखळी. दुसरा टाका मुका खांब. सुई खालच्या टाक्यात घालून दोरा ओढून आणायचा, सुईवर दोन वेढे होतात. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. सुईवर दोरा आधीच एकदा गुंडाळून घेतला आणि वेढे दोन-दोन करून सोडवले, की होतो उंच, पुरा खांब. साखळीचा पाया, त्यावर खांब. बायकांनी दोऱ्याचे घरच बांधले म्हणा ना! इंग्रजी पुस्तकावरून शिकणाऱ्यांना मात्र एक इशारा. अमेरिकेत ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात तोच ब्रिटनमध्ये 'डबल क्रोशे' होतो. पुस्तक कुठले आहे ते पाहिल्याशिवाय सुरुवात करू नये. आपला मुका खांब बरा. तो कुठेही गेला तरी मुकाच.

आणखी एक सोय मला फार भावली. स्वेटर विणताना सारे टाके सलायांवर असतात. सलाई निसटली की जीव खालीवर होतो. क्रोशात सुईवर एकच वेढा जिवंत असतो. काम कुठेही थांबवता येते, लोकलमध्ये, डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये. आणि न आवडलेले उसवायचे तर दोरा ओढला की झाले. दोरा जसाच्या तसा हातात परत.

आता पिशवी. एकंदर ६१ साखळ्या घाला. सुईपासूनची पहिली साखळी वळणासाठी सोडून दुसरीपासून एकेका साखळीत एकेक मुका खांब, असे ५९ खांब. शेवटच्या साखळीत तीन खांब. आता काम उलटे न करता गोल फिरवायचे आणि साखळीच्या दुसऱ्या कडेने परत यायचे, ५८ खांब. पहिल्या साखळीत आणखी दोन. एकूण १२२ झाले. इथे पिन लावा. हा झाला तळ, पिशवीच्या ओठासारखा बंद. यापुढे वाढवायचे नाही, घटवायचे नाही. प्रत्येक खांबावर एक मुका खांब, फेरी बंद न करता गोल गोल वर चढायचे. प्रत्येक फेरीला पिन वर सरकवायची. पहिल्या तीन-चार फेऱ्या वळवळतात, गुंडाळतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. पाचव्या फेरीपासून पिशवी शहाण्या मुलासारखी उभी राहू लागते.

प्रत्येक रंगाच्या १० फेऱ्या केल्या, की सात रंगांच्या ७० होतात आणि उंची जवळपास ३५ सेंटिमीटर येते. रंग बदलायची खूण अशी: जुन्या रंगाच्या शेवटच्या खांबाचे दोन वेढे सुईवर असतानाच नवा रंग घ्यायचा आणि त्याने ते सोडवायचे. म्हणजे नवा खांब पहिल्यापासून नव्या रंगाचा दिसतो. मुका खांब गोल विणताना हळूहळू एका अंगाला कलतो, त्यामुळे रंग बदलल्याच्या जागाही तिरक्या सरकत जातात. हा स्वभाव आहे, दोष नाही. विणून झाल्यावर पिशवी जमिनीवर सपाट पसरावी, दोन कडा नव्याने ठरवाव्यात आणि त्यांच्या हिशेबाने बंद लावावेत.

बंद मात्र घाईने करू नयेत. सारे ओझे त्यांच्यावर. १०० साखळ्या घालून लांबीच्या दिशेने मुक्या खांबाच्या पाच ओळी, असे दोन बंद. आतून सुती पट्टी टाचावी, म्हणजे ताणत नाहीत. टोके पिशवीच्या तीन-चार फेऱ्या खोल शिवावीत. शेवटी अस्तर. अस्तराशिवाय पिशवीत किल्ली ठेवली, तर ती जाळीतून डोके काढून रस्त्याकडे पाहत राहते.

कोणाला गोल तळाची पिशवी हवी असेल, तर सहा मुक्या खांबांनी सुरुवात करून दर फेरीला सहा-सहा वाढवत जावे. सहापेक्षा कमी वाढवले तर ताटाची वाटी होते. जास्त वाढवले तर कड फ्रॉकच्या झालरीसारखी लहरते. या लहरीवरून गंमत आठवली. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये मुद्दाम ठरावीक प्रमाणात टाके वाढवत अशी लहरती चकती क्रोशाने विणली आणि ती भूमितीच्या वर्गात दाखवली. 'हायपरबोलिक' नावाचा जो पृष्ठभाग विद्यार्थ्यांना कल्पनेने समजून घ्यावा लागे, तो त्यांना हातात धरता आला. कागदाची नाजूक प्रतिकृती फाटे, दोऱ्याची टिकली. बायकांचा विरंगुळा म्हणून ज्याकडे पाहिले जाते, त्या कामात एवढे गणित दडलेले आहे.

गणिताचा विषय निघालाच आहे, तर आमच्या घरात झालेले गणितही सांगते. पिशवी झाली तेव्हा आमचे 'हे' चहा घेत बसले होते. जन्म बँकेत गेलेला, त्यामुळे कोणतीही वस्तू पाहिली की बेरीज सुरू. "एकशे बावीस गुणिले सत्तर, आठ हजार पाचशे चाळीस. दोन बंदांचे एक हजार. नऊ हजार पाचशे चाळीस टाके. मिनिटाला किती होतात तुझे?"

"दहा."

"मग नऊशे चोपन्न मिनिटे. सोळा तासांना सहा मिनिटे कमी."

अस्तर आणि शिवण यांचे दोन तास धरून अठरा. रोज अर्धा तास असे पाच आठवडे! ह्यांनी तासाला अवघे ५० रुपये लावले, त्याचे ९०० झाले. दोरा आणि पट्टी यांना मला ४०० रुपये पडले होते. एकूण १,३००. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारले, "मग स्टेशनबाहेर अडीचशेला मिळते ती कशी?"

प्रश्न साधा होता, पण माझा चहा गार झाला.

ह्याचे एक उत्तर असे, की क्रोशासारखी दिसणारी प्रत्येक वस्तू क्रोशाची नसते. कारखान्यात यंत्रावर जाळीदार कापड निघते, पण त्याची वीण निराळी असते. साखळीपासून खांबापर्यंत खरा क्रोशा बाजारात येतो तो कोणाच्या तरी हातातूनच. आता सरावाचा हात माझ्या तिप्पट चालतो असे धरा. तरीसुद्धा अशा पिशवीला पाच तासांहून अधिक लागणार. अडीचशेतून दोरा वजा करा, दुकानदाराचा नफा वजा करा. विणणारीच्या हाती काय उरले? म्हणजे पिशवी खरी असेल, तर तिची किंमत कोणीतरी आधीच चुकती केलेली असते. आपल्याला ती बाई दिसत नाही, इतकेच.

ही बाई कोण, याचा इतिहास मोठा आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भयंकर दुष्काळ आला. तेव्हा मठांतल्या जोगिणींनी आणि इतर स्त्रियांनी गरीब घरच्या मुलीबाळींना क्रोशाची लेस शिकवली. क्लोन्स गावी तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी १८४७ मध्ये हे काम सुरू केले. उंची सुईकामाच्या लेसपेक्षा क्रोशा लवकर होई, म्हणून त्याला गिऱ्हाईक मिळाले आणि कित्येक घरांची चूल त्या आकड्यावर पेटली.

आपल्या देशात आंध्र प्रदेशातले, गोदावरीच्या मुखाजवळचे नरसापूर हे असेच गाव. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांकडून तिथे लेस आली आणि भोवतालच्या गावांतल्या हजारो बायका ती विणू लागल्या. एकीने फुले विणायची, दुसरीने ती जोडायची, दलालाने गोळा करायची आणि माल परदेशी जायचा. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीज यांनी या बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी दाखवून दिले, की दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास विणूनही या बायकांची कमाई शेतमजुरीच्या किमान वेतनाहून कितीतरी कमी होती. कारण काय? तर त्या 'घरीच बसलेल्या', आणि लेस हे त्यांचे 'फावल्या वेळातले' काम. कामगार म्हटले की मजुरी द्यावी लागते. गृहिणी म्हटले की दोन पैशांत भागते. याच नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गावाच्या नावाला मान मिळाला ही आनंदाचीच गोष्ट. तो मान विणणाऱ्या हाताच्या मजुरीपर्यंतही पोहोचावा.

हे मी माईंना वाचून दाखवले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाकी सगळं ठाऊक नाही बाई, पण फावला वेळ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे."

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा माई लालबागेत चाळीत राहत होत्या. यजमान गिरणीत, पदरात तीन मुले. संप लांबत गेला. माईंनी एका दुकानासाठी तोरणे विणायला घेतली. दोरा दुकानदाराचा, नक्षी त्याची, भावही त्याचाच. दिवसभर घरकाम, रात्री भांडी घासून, मुले निजली की चाळीच्या सामाईक दिव्याखाली बसायचे. "खोलीतला दिवा लावला तर मुलं जागी होतील," माई सांगत होत्या. त्या तोरणांवर दोन वर्षे शाळेच्या फिया भरल्या गेल्या. आणि शिरगणतीला माणूस आला तेव्हा माईंच्या नावापुढे काय लिहिले? 'घरकाम'.

"किती तोरणं केलीत हो माई?"

"मोजली नाहीत गं. पुढंही कितीकांच्या लग्नाला करून दिली. दोऱ्याचे पैसे द्यायचे लोक. उरलेल्या वेळातलं काम, त्याचं काय मोजायचं?"

माझ्या मते, भगिनींनो, मोजायचे ते हेच. रात्री अकरानंतरचा वेळ उरलेला नसतो. तो झोपेतून काढलेला असतो. बाईच्या दिवसात फावला वेळ आपोआप साचत नाही, तो कुठून तरी उसना आणावा लागतो. मग तो डोळ्यांतून येतो, पाठीतून येतो. त्या वेळात केलेली वस्तू प्रेमाने फुकट द्यावी, जरूर द्यावी. पण देणारीला आणि घेणारीला, दोघींनाही ठाऊक असावे की काय दिले.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक नवी सून आली आहे. नोकरी करते, बोलायला गोड. माझी पिशवी पाहून म्हणाली, "काकू, काय सुंदर आहे! मलाही एक करून द्या ना. दोऱ्याचे पैसे देईन मी." तिच्या मनात काही वाकडे नव्हते, बिचारी रीतीप्रमाणे बोलली. मी म्हटले, "पैसे राहू देत. रोज संध्याकाळी अर्धा तास येऊन बस. सुई माझी, पिशवी तुझी." ती आली. पहिल्या दिवशी साखळी, दुसऱ्या दिवशी पहिली फेरी. तिसऱ्या दिवशी अकरावी फेरी नव्हे, चौथीसुद्धा पुरी झाली नव्हती, तेव्हा तिने मान वर केली आणि माईंकडे पाहून म्हणाली, "आजी, तुमच्या तोरणाचं खरं तर किती घ्यायला हवं होतं तुम्ही?"

माई हसल्या. पण मला वाटते, चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारला असेल. आता गणपतीपासून त्या एक वही ठेवतात. विणायला बसल्याची वेळ आणि उठल्याची वेळ, दोनच रकाने. भाव त्यांनी अजून ठरवलेला नाही. "आधी बघू तरी, किती होतं ते," म्हणतात.

तेव्हा या दिवाळीत सुई घ्या आणि पिशवी विणा. रंग आपल्या आवडीचे घ्या. सात नसतील तर तीन घ्या. फक्त शेजारी एक कागद ठेवा आणि तास लिहीत चला. पिशवी पुरी झाली, की दोन गोष्टी तुमच्या हाती येतील: एक खांद्याला लावायची, दुसरी मनात ठेवायची. पुढच्या वेळी बचत गटाच्या प्रदर्शनात एखादी बाई तिच्या विणलेल्या पिशवीचा भाव सांगेल आणि बरोबरची मैत्रीण "अय्या, एवढी महाग?" म्हणेल, तेव्हा तुम्ही घासाघीस करणार नाही. तुम्ही पिशवी उलटी करून टाके पाहाल, मनातल्या मनात एक गुणाकार कराल आणि त्या बाईला विचाराल, "किती दिवस लागले हो तुम्हाला?"